पेवात न पोचलेला हळदीचा भाव

१

लालासाहेब मगदूमांना पेवातून वर काढलं तेव्हा हरिपुरात दिवेलागण झाली होती. दोर ओढणारे चौघे होते आणि बघणारं अर्धं गाव. मी सांगलीच्या एका दैनिकाचा बातमीदार, त्यामुळे पुढं घुसायचा मला परवाना आहे असं मी समजतो.

ज्यांनी हरिपूरची पेवं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं हळदीचं कोठार. वर माणूस जेमतेम जाईल एवढं तोंड, खाली घागरीसारखं पोट. हळद भरायची आणि तोंड दगडमातीनं लिंपून टाकायचं. उघडल्यावर लगेच आत उतरायचं नसतं, कारण कोंडलेली हवा माणसाचा जीव घेते. आधी दोराला बांधून कंदील सोडतात. तो विझला तर थांबायचं. जळत राहिला तर माणूस उतरतो, आणि तोही वर दोर धरणारा कुणी असेल तरच.

आत उतरायची कुणाची छाती नव्हती, म्हणून दोराला गळ बांधून सोडला होता आणि तो बराच खाली गेला होता. ओढणारे घामाघूम झाले. देह तोंडाशी आला आणि त्याच क्षणी लालासाहेबांच्या कमरेचा पेजर वाजला.

एकाच्या हातून दोर सुटता सुटता राहिला. मागं बायका ओरडल्या. फौजदार माळींनी मात्र शांतपणे पेजर काढून बत्तीच्या उजेडात धरला.

"क्रिकेटचा स्कोर," ते म्हणाले. "कंपनीचा कचरा. बाकी काय न्हाई."

लालासाहेब हळदीचे मोठे व्यापारी. म्हातारा घरी आला नाही म्हणून शोध सुरू झाला होता. वखारीचं कुलूप उघडलं तर बाकाखाली त्यांच्या चपला. लालासाहेब अनवाणी कुठं जाणार? शेजारीच पेव. तोंडाभोवती बाभळीच्या काटेरी फांद्या नीट लावलेल्या. दोर वखारीतल्या खुंटीवर गुंडाळून ठेवलेला. म्हणजे कुणीतरी म्हाताऱ्याला आत सोडलं, दोर वर घेतला, काटे लावले आणि वाटेला लागलं.

पेव उघडणारा कोण? धम्मपाल. दोर ठेवणारा कोण? धम्मपाल. फौजदारांचं गणित तेवढ्यात सुटलं. जेवणाआधीच त्यांनी धम्मपालला उचललं.

२

साल अठ्ठ्याण्णव. सांगलीत तेव्हा कमरेला पेजर असणं म्हणजे मोठी ऐट होती. ती फार दिवस टिकली नाही. 'शीघ्रसंदेश' कंपनीनं सगळ्या गिऱ्हाइकांना 'माहिती योजना' सक्तीची केली. नको म्हणालात तर पेजरच बंद. सकाळी भविष्य यायचं, बारा राशींना मिळून एकच. मार्केट यार्डात सौदे सुरू झाले की हळदीचा भाव. मग गुळाचा भाव, पाचगणीचं हवामान, शेअर, संध्याकाळी क्रिकेट. दर खेपेला कमरेला पीप-पीप, आणि महिन्याचं भाडंही वाढलेलं. आमचे एक डॉक्टर पेशंटला तसाच टाकून निरोप वाचायला धावले, तर पाचगणीत धुकं पडलं होतं.

त्यामुळे झालं असं, की कंपनीच्या निरोपाला निरोप म्हणणंच आम्ही सोडून दिलं. "काय निरोप आहे का?" असं विचारलं तर लोक भरलेला पेजर बघून "काही नाही" म्हणत.

याविरुद्ध ग्राहक मंचात तक्रार लढवत होती अ‍ॅडव्होकेट प्रियदर्शनी बनसोडे. तक्रारीचा मुख्य मुद्दा असा, की या कचऱ्यापायी गिऱ्हाइकांचे खरे निरोप पोचतच नाहीत. अर्जावर पहिली सही लालासाहेबांची, दहावी-बारावी माझी. "ह्या कंपनीला मी पेवात गाडीन," असं म्हातारा चारचौघांत म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या ऑफिसात बसलो होतो, तोच धम्मपालची बायको दीक्षा आली. रडून झालेलं होतं. आता ती नुसती सांगत होती.

"बाई, त्यांनी सकाळी तोंड उघडलं. कंदील सोडला, तर वरच्यावरच इझला. लालासायबास्नी म्हणले, उद्यापतूर कुणी उतरू नगा. काटं लावलं आन् यार्डात पोती उचलाय गेले. जेवणाच्या वक्ताला आले तवा वखारीला कुलूप हुतं, काटं तसंच. घरला येऊन भाकरी खाल्ली. म्या सोडून कुणी बघितलं न्हाई."

"आणि फौजदार काय म्हणतात?"

"म्हणत्यात, दुपारी त्यांनीच म्हाताऱ्याला उतरिवलं आन् मेला तसा पळाले. खुनाचा गुन्हा लावणार हायेत." तिनं पदर सावरला. "सासऱ्यापास्नं हरिपूरची पेवं आमच्या घरानं उघडली, बाई. आज व्यापाऱ्यांनी सांगून धाडलं, सुटून आला तरी त्याला पेवावर बोलवायचा न्हाई. जेलातनं माणूस येतंय माघारी. हे कसं येणार?"

प्रियदर्शनीनं तिला पाणी दिलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, "हे पेव भरलं कुणी होतं?"

"त्यांनीच. गळ्यापतूर भरलं हुतं, पाय ठिवाय जागा न्हवती."

प्रियदर्शनीनं माझ्याकडं पाहिलं.

"भाऊसो, काल दोर किती खाली गेला होता?"

३

लालासाहेबांना मूलबाळ नव्हतं. वखार, सौदे, पेवांच्या किल्ल्या, सगळं पुतण्या नानासो बघायचा. अंगणात माणसं बसली होती. नानासो आम्हाला बाजूच्या खोलीत घेऊन गेला. डोळे सुजलेले, पण बोलणं सरळ. मला तो तेव्हा बरा वाटला, हे लपवत नाही.

"सकाळी धम्मपाल काटं लावून यार्डात गेला. मग तात्या आन् मी वखारीत च्या घेतला. च्या पिताना त्यांच्या पेजरवर भविष्य आलं. वाचून दावलं मला. 'जवळच्या माणसाचा सल्ला लाभदायक.' हसलो दोघं बी." त्यानं खिडकीतून अंगणाकडं पाहिलं. "मग मी जीप काढली आन् साताऱ्याला गेलो, कोर्टाच्या कामाला."

"पुन्हा बोलणं झालं?"

"झालं की. दुपारच्याला साताऱ्यातनं वखारीत फोन लावला. तात्याच बोलले. म्हणले, धम्मपाल आलाय, हवा चांगली हाय म्हणतोय, उतरतो. मी म्हणलं, तात्या, आज नगा. फोन ठिवल्यावर मन लागंना, म्हणून पेजरवर बी निरोप टाकला, 'उतरू नका' म्हणून. कंपनीला इचारा, तिथं असंल."

"फौजदार म्हणतात, पेजरमध्ये असा निरोप नाही."

"कसा असंल, वकीलबाई?" नानासो पहिल्यांदा चिडला. "ह्या कंपनीचा कवा एक निरोप धड पोचलाय का? नुसतं भाव आन् भविष्य. तुमीच तर केस घातलीया. त्यो निरोप पोचला असता तर माझा तात्या आज हितं असता."

आमचाच मुद्दा आमच्या तोंडावर आला. मी मान खाली घातली.

निघताना दारात प्रियदर्शनी म्हणाली, "पेवात माल किती आहे हो?"

"भरल्यालं हाय," नानासो म्हणाला.

फाटकाबाहेर आलो तर भाजीवाली सुलाबाई आमची वाट बघत उभी. इकडंतिकडं बघून ती म्हणाली, "काल दुपारी वखारीपाशी गाडी हुबी हुती, बाई. त्या पीपीप कंपनीची."

४

'शीघ्रसंदेश'चा सांगलीचा व्यवस्थापक जयराज. टाय लावणारा, वातानुकूलित खोलीत बसणारा, आणि आम्हाला बघितलं की घसा खाकरणारा.

"काल मी ऑफिस सोडलंच नाही," तो म्हणाला.

"तुमची गाडी हरिपुरात होती."

"गाडी ड्रायव्हरनं नेली असेल."

"मग ड्रायव्हरला बोलवा," प्रियदर्शनी म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. घाई नसलेल्या माणसाला घाबरतात लोक. जयराजनं टाय सैल केला.

"गेलो होतो. लालासाहेबांनी तक्रार मागं घ्यावी म्हणून विनवायला. त्यांच्यामागं सगळा हळद बाजार होता. वरून माझ्यावर दबाव आहे हो. पण भेट झाली नाही. वखारीला कुलूप होतं."

"दुपारी?"

"दुपारी. आत फोन वाजत होता. बराच वेळ वाजला, बंद झाला, पुन्हा वाजला. मला वाटलं, मला टाळायला पुढं कुलूप घालून म्हातारा मागच्या दारानं आत बसलाय आणि मुद्दाम उचलत नाहीये. मी परत फिरलो. आणि संध्याकाळी ही बातमी. त्यांच्याशी माझं भांडण सगळ्यांना ठाऊक. कोण म्हणणार होतं की मी नुसता दार बघून आलो?"

खरंच कुणी म्हणालं नसतं. मीही नाही. म्हाताऱ्याच्या मरणानं ज्याचा सगळ्यात जास्त फायदा, तो माणूस भर दुपारी तिथं एकटाच उभा होता असं स्वतःच सांगत होता.

प्रियदर्शनीनं वेगळंच विचारलं. "नानासोनं टाकलेला निरोप तुमच्याकडून गेला का?"

"गेला. आमची यंत्रणा चोख आहे."

"मग पोचला का नाही?"

"पेजर बंद असेल. किंवा..." तो अडखळला. व्यवसायाची दुखरी जागा होती ती. "किंवा लहरी पोचत नाहीत अशा जागी असेल. तळघर वगैरे. आम्ही निरोप एकदाच हवेत सोडतो. पेजरनं पकडला तर पकडला. नंतर तो कुठं साठून राहत नाही."

प्रियदर्शनी ताडकन उठली.

"भाऊसो, तुमची स्कूटर काढा. तो पेजर बघायचाय, आणि आजच."

५

पोलीस ठाण्यात आमचं स्वागतच झालं. लालासाहेबांचा पेजर टेबलाच्या खणात पडल्या पडल्या सकाळपासून वाजत होता आणि हवालदार वैतागले होते.

"बाई, हे बंद कसं करायचं तेवढं सांगा," फौजदार माळी म्हणाले. "मेलेल्या माणसाला कोण गुळाचा भाव कळवतंय?"

"सांगते. पण आधी मला वाचू दे."

"वाचा की. काय न्हाई त्यात."

तिनं पर्समधून स्वतःचा पेजर काढून शेजारी ठेवला. दोन्ही कंपनीचेच, दोघांनाही कचरा सारखाच. ती एकेक बटण दाबत मागं मागं गेली आणि कालचा दिवस आल्यावर थांबली.

तिच्या पेजरवर काल सकाळी भविष्य. मग हळदीचा भाव. मग गूळ, पाचगणीचं धुकं, शेअर. आणि दिवेलागणीला क्रिकेट.

लालासाहेबांच्या पेजरवर सकाळी भविष्य. आणि त्याला लागून थेट क्रिकेट. मधे काहीच नाही.

मी पुन्हा वाचलं. इंग्रजी अक्षरांतलं ते मोडकंतोडकं मराठी मी आयुष्यात पहिल्यांदा मन लावून वाचत होतो.

"फौजदारसाहेब, यातला सेल काढून ठेवा. नवे निरोप आले की जुने पुसले जातात," ती म्हणाली. "आणि उद्या सकाळी हरिपूरला या. कंदील घेऊन."

बाहेर आल्यावर ती ठाण्याच्या पायरीवरच बसली. मला वाटलं खुशीत असेल, पण चेहरा उतरला होता.

"मी हे मांडलं तर काय होईल, लक्षात येतंय? कंपनीचे निरोप बिनचूक पोचतात, त्यांच्यावर माणसाचं जगणं-मरणं ठरवता येतं, हे मीच कोर्टात शपथेवर सांगायचं. मग आपल्या मुख्य मुद्द्याचं काय राहिलं? पहिली सही लालासाहेबांची आहे, भाऊसो. सत्तर लोकांनी माझ्यावर विसंबून सह्या केल्यात."

मला त्या सत्तरांतला एक म्हणून राग आला. दोन वर्षं मी त्या डबीचं भाडं भरत होतो. पण आत कोठडीत धम्मपाल बसला होता.

"वाजू दे आणखी," मी म्हणालो. "आपली कंबर काही तुटत नाही."

६

सकाळी पेवाभोवती फौजदार, जयराज, नानासो आणि गावचे व्यापारी. प्रियदर्शनीनं फौजदारांना सांगून धम्मपाललाही आणवलं होतं. कंदील त्यानंच सोडला. दोन रात्री तोंड उघडं होतं, कंदील जळत राहिला. कंदिलाच्या कडीला तिनं स्वतःचा चालू पेजर एका पिशवीत बांधला होता.

"आता थांबायचं," ती म्हणाली. "यार्डात सौदे सुरू होईपर्यंत."

कुणी तंबाखू मळली, कुणी जांभया दिल्या. मग एकदम माझी कंबर वाजली. जयराजची वाजली. तिघा-चौघा व्यापाऱ्यांची वाजली. हळदीचा भाव आला होता.

पेवातून काहीच आवाज आला नाही. धम्मपालनं दोर ओढला. पिशवीतला पेजर फौजदारांनी स्वतः बघितला. भाव नव्हता.

"खाली निरोप पोचत नाही," प्रियदर्शनी म्हणाली. "परवा लालासाहेबांना भविष्य मिळालं, म्हणजे ते वर होते. हळदीचा भाव मिळाला नाही, म्हणजे सौदे सुरू व्हायच्या आधीच ते खाली होते. पेजर बंद नव्हता, बिघडलाही नव्हता. त्यांना वर काढताक्षणी तो सगळ्यांच्या देखत वाजला."

फौजदारांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हणजे दुपारी उतरलेच न्हाईत?"

"दुपारी फोन वाजत राहिला, तो उचलायला कुणी नव्हतं. जयराजनी बाहेरून ऐकला. मग नानासोंशी बोललं कोण?"

सगळे नानासोकडं वळले.

"धम्मपालनं सकाळीच उतरिवलं असंल," तो म्हणाला. "मला काय ठावं?"

"तुम्हीच सांगितलंत. धम्मपाल काटे लावून गेला, मग चहा झाला, चहा पिताना भविष्य आलं. तुम्हाला वाचूनही दाखवलं त्यांनी. भविष्य आलं तेव्हा धम्मपाल गेलेला होता. भाव आला तेव्हा तो यार्डात पोती उचलत होता, सगळ्यांच्या समोर. या दोन निरोपांच्या मधे लालासाहेबांचा दोर धरायला इथं एकच माणूस होता."

"मी निरोप धाडला हुता की, 'उतरू नका' म्हणून!"

"धाडलात. ते मेल्यावर. पोचणार नाही याची खात्री होती, आणि नाही पोचला तर कंपनीच्या नावानं खडे फोडायला आम्ही सगळे होतोच."

प्रियदर्शनीनं धम्मपालकडं पाहिलं. "पुन्हा सोडा कंदील. माल कुठपर्यंत आहे बघू."

कंदील जात राहिला. व्यापारी वाकून बघू लागले. दोर सैल पडला तेव्हा खाली, फार खाली, हळदीचा एक विटका थर दिसत होता.

"म्या गळ्यापतूर भरलं हुतं," धम्मपाल म्हणाला. "नानासो, माल कुठं गेला?"

मग एकेक बाहेर आलं. भाव चढला म्हणून लालासाहेबांनी पेव उघडायला काढलं होतं. माल नानासोनं कधीच लांबच्या जत भागातली माणसं लावून परस्पर विकला होता आणि तोंड पुन्हा लिंपलं होतं. वरून बघितलं तर नुसता अंधार, माल दिसेना. म्हाताऱ्याला संशय आला. खाली सोड मला, म्हणाला. कंदील विझला होता हे दोघांनाही माहीत होतं.

"मी म्हणलं, आता हवा निवळली आसंल, तात्या," नानासो खाली बसला. "त्यांनी माझं ऐकलं."

जवळच्या माणसाचा सल्ला. मला त्या माणसाचा तेव्हा एवढा राग आला, की पुढचं मी ऐकलंच नाही.

७

ग्राहक मंचात कंपनीच्या वकिलानं प्रियदर्शनीचा जबाब मोठ्यानं वाचून दाखवला. निरोप बिनचूक पोचतात, हे बाईंचेच शब्द. जयराज टाय सावरत हसला. तिनं तो मुद्दा मुकाट्यानं सोडून दिला आणि एवढंच म्हणाली, की उपयोगी असली तरी नको असलेली वस्तू गळ्यात मारायचा हक्क कुणाला नाही. निकाल लागेपर्यंत निम्म्या सांगलीनं पेजर खणात टाकले होते. ज्यांना हवी त्यांनाच योजना, असं कंपनीनं नंतर आपणहून जाहीर केलं. मी त्याच दिवशी माझा परत करून आलो. प्रियदर्शनीनंही.

धम्मपाल सुटला. पण पेवावर त्याला कुणी बोलवेना. चूक झाली म्हणायला व्यापाऱ्यांना बराच काळ लागतो. पुढच्या हंगामात शेवटी एकानं बोलावणं धाडलं, आणि दीक्षा आम्हा दोघांना घेऊन गेली.

तोंड उघडलं. व्यापारी घाईत होता, ट्रक उभा होता, भाव चांगला होता. धम्मपालनं दोराला कंदील बांधला आणि प्रियदर्शनीकडं बघून विचारलं, "बाई, ती डबी न्हाई आणली?"

"परत केली."

"बरं झालं. लय वरडायची." त्यानं कंदील खाली सोडला. उजेड थोडा खाली गेला, मिणमिणला आणि विझला.

"आज न्हाई," धम्मपाल म्हणाला.

व्यापाऱ्यानं एकदा ट्रककडं बघितलं, एकदा धम्मपालकडं. मग त्यानं स्वतःच बाभळीच्या फांद्या उचलून पेवाच्या तोंडावर ठेवल्या.